वर्गात वट वाढली आणि मुलीच्या सवयी बिघडल्या. या दोन्हींचा संबंध असतो का?

निशिगंधा_आई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहितेच.

मुलीला तेरावं लागलंय. मागच्या वर्षापर्यंत तिचं जग लहानसं होतं. दोन मैत्रिणी, त्यातली एक शाळा सोडून गेली आणि मग काही महिने ही अगदी एकटी पडली. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसायची. तेव्हा माझ्या जिवाला घोर लागला होता. यंदा शाळेच्या नाटकात तिला मोठी भूमिका मिळाली, ती तिनं गाजवली, आणि बघता बघता वर्गात ज्या चार-पाच मुलींचा शब्द चालतो त्यांच्यात ही जाऊन बसली. आता फोनवरच्या त्यांच्या ग्रुपमध्ये हिला विचारल्याशिवाय काही ठरत नाही. घरी येते ती उड्या मारत. मला खरंच आनंद झाला, अजूनही आहे.

पण याच काळात बाकी सगळं घसरत गेलं. सकाळी काही न खाता निघते. एक तर केस मनासारखे बसवण्यात वेळ जातो आणि वर म्हणते, "आमच्यात कुणीच सकाळी खात नाही." संध्याकाळी पळायला जायची, ते तिला मनापासून आवडायचं. तेही बंद. घाम येतो, चेहरा लाल होतो, तेवढ्यात कुणी फोटो काढला तर? झोपेचं तर विचारूच नका. परवा रात्री पावणेबाराला तिच्या खोलीत डोकावले तर पांघरुणाच्या आत उजेड. मी रागावले नाही, नुसती शेजारी बसले. ती म्हणाली, "आई, मी आत्ता झोपले तर सकाळपर्यंत त्यांचं सगळं ठरून गेलेलं असेल. आणि मग मला कुणी सांगणारपण नाही." आवाज रडवेला होता. जिला अख्खा वर्ग मानतो ती मुलगी आतून इतकी धास्तावलेली असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि काल जेवताना सहज बोलून गेली की वरच्या वर्गातली भारी मुलं-मुली सगळीच्या सगळी ई-सिगारेट ओढतात.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे वयाचं आहे, की वर्गात मिळालेल्या या जागेचं? आणि तिची जागा न हिरावता तिची झोप, खाणं, पळणं परत आणता येईल का? ते एकटेपणाचे दिवस तिच्या वाट्याला पुन्हा यायला नको आहेत मला.

कणखर_बाबा

ताई, फोन रात्री नऊला बाहेरच्या खोलीत, चार्जिंगला. घरातल्या सगळ्यांचे, तुमचासुद्धा. आमच्याकडे हाच नियम आहे. सुरुवातीला रडारड होते, मग सवय होते. आधी तब्येत, मग मैत्रिणी.

शाळासोबती

निशिगंधाताई, "मला कुणी सांगणारपण नाही" हे तुमच्या मुलीचं वाक्य मी कितीतरी तोंडून ऐकलंय. मी शाळेत समुपदेशक आहे. अकरा ते चौदा वयाच्या मुलांशी बोलणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोकप्रिय म्हणताना आपण दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो. एखादं मूल इतरांना आवडतं, ही एक. आणि एखाद्या मुलाची वर्गात वट असते, ही दुसरी. अभ्यासक हे अगदी सोप्या पद्धतीनं तपासतात. प्रत्येक मुलाला खासगीत विचारायचं, तुला कुणाबरोबर राहायला सगळ्यात जास्त आवडतं? आणि मग वेगळा प्रश्न, वर्गात लोकप्रिय कोण आहे? लहान वर्गांत दोन्ही याद्यांमध्ये बरीचशी तीच नावं येतात. बारा-तेराच्या सुमारास याद्या वेगळ्या व्हायला लागतात. पार्कहर्स्ट आणि हॉपमायर या दोघींनी १९९८ साली हा फरक स्पष्ट मांडला. ज्यांना वर्ग लोकप्रिय म्हणत होता पण जी फारशी आवडती नव्हती, त्यांचं वर्णन बाकीची मुलं ‘हुकूम गाजवणारी’, ‘शिष्ट’ असं करत होती. जी मुलं दोन्ही याद्यांत होती, ती मात्र प्रेमळ आणि विश्वासू म्हणून ओळखली जात होती.

तब्येतीच्या दृष्टीनं हा फरक फार महत्त्वाचा. जे मूल नुसतं आवडतं, ते चार दिवस तापानं घरी राहिलं तरी त्याची जागा कुठे जात नाही. वट मात्र रोज राखावी लागते. रात्रीच्या गप्पांना हजर राहून, दिसणं सांभाळून, बाकीचे करतात ते करून आणि ते करत नाहीत ते टाळून. तुमची मुलगी पळणं सोडते, उपाशी निघते, जागरण करते. मला ही तिन्ही एकाच गोष्टीची रूपं दिसतात. तिला जागा मिळालीय, पण ती टिकेल याची खात्री मिळालेली नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. वय आणि जागा, दोन्ही. लाफॉन्टाना आणि सिलेसन यांनी २०१० साली लहान मुलांपासून कॉलेजपर्यंतच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की वर्गातला मान आणि मैत्री, नियम पाळणं, अभ्यासातलं यश अशा दुसऱ्या गोष्टी यांत निवडायचं झालं तर काय निवडाल. मानाला सगळ्यात वर ठेवण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं ते पौगंडावस्थेच्या सुरुवातीच्या टप्प्यात. स्टाइनबर्ग आणि मोनाहन यांच्या २००७ च्या अभ्यासात असं दिसलं की सोबत्यांच्या दबावापुढे स्वतःच्या मतावर टिकून राहण्याची ताकद चौदा ते अठरा या वयात सरळ वाढत जाते, पण दहा ते चौदा या काळात तिच्यात फारशी भर पडत नाही. म्हणजे मानाची ओढ सगळ्यात जास्त आणि नाही म्हणायचं बळ अजून यायचंय, नेमक्या त्या वर्षांत तुमची मुलगी आहे. तिला कमकुवत समजू नका. हे वयच तसं आहे.

झोपेबद्दल जरा थांबून लिहिते, कारण सगळी गाडी तिथून घसरते असं माझं ठाम मत आहे. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे दहा वाजता तिला खरोखरच झोप आलेली नसते. तेरा ते अठरा या वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. शाळा मात्र सकाळी तिच्या वेळेवर भरतेच. आधीच तंगी, त्यात हा ग्रुप. मेडनिक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेतल्या आठ हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांच्या मैत्रीचं जाळं तपासलं. मित्र सात तास किंवा त्याहून कमी झोपत असेल तर आपणही तेवढंच कमी झोपण्याची शक्यता ११ टक्क्यांनी वाढते, असं त्यात आढळलं. आणि मला चटका लावून गेलेली गोष्ट अशी की जे मूल त्या जाळ्याच्या मध्यभागी होतं, त्याची झोप पुढे जाऊन बिघडत होती. उलटं होत नव्हतं, झोप कमी म्हणून कुणी मध्यभागी येत नव्हतं. मध्यभागी असण्याची किंमत झोपेत मोजली जात होती.

कणखरबाबा, तुमचा नियम चांगलाच आहे. पण तो एकाच घरात लागला आणि उरलेल्या चौघींचे फोन चालू राहिले, तर ताईंच्या मुलीची भीती खरी ठरते. ती झोपते आणि सगळं ठरून जातं. मग ती तो नियम मोडायच्या वाटा शोधते. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मैदानाबाहेर

शाळासोबती ताई, मला दुसरी बाजू विचारायची आहे. इथे सगळं वट असलेल्या मुलांबद्दल चाललंय. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याची वर्गात काहीच किंमत नाही, असं तो स्वतः म्हणतो. खेळाच्या तासाच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखतं. एकदा मी शाळेत गेलो होतो तेव्हा कारण डोळ्यांनी बघितलं. दोन कप्तान समोर उभे राहतात आणि एकेक नाव घेत संघ पाडतात. हा आणि आणखी एक मुलगा शेवटपर्यंत भिंतीपाशी. शेवटी एक कप्तान म्हणाला, "बरं, तुम्ही ह्याला घ्या, आम्ही त्याला घेतो." शिक्षक शिट्टी हातात घेऊन वाट बघत होते. माझा मुलगा बुटाची नाडी बांधत बसला. ती आधीच बांधलेली होती.

घरी तो माझ्याबरोबर तासभर सायकल चालवतो, दमत नाही. शाळेत मात्र हलत नाही. याला काय म्हणायचं?

शाळासोबती

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. या विषयावर बोलताना सगळ्यांचं लक्ष दारू-सिगारेटकडे जातं आणि भिंतीपाशी उभं राहिलेलं मूल कुणाला दिसत नाही.

पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं तरी दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ च्या जगभरच्या आकडेवारीनुसार अकरा ते सतरा वयाची ८१ टक्के मुलं तेवढी करत नव्हती, मुलींमध्ये तर ८५ टक्के. आपण याचं खापर मोबाइलवर फोडून मोकळे होतो. पण या वयात शाळेतला खेळ ही सगळ्यांसमोर घेतलेली परीक्षा असते. कोण आधी निवडला जातो, कोण शेवटी, पळताना कोण कसा दिसतो, कुणाच्या हातून चेंडू सुटला. वर असलेल्या मुलाला मैदान जास्त वाव देतं आणि खाली असलेल्याला तिथून हाकलतं. मग तो खेळत नाही म्हणून त्याला खेळ येत नाही, आणि येत नाही म्हणून त्याला पुन्हा शेवटी घेतलं जातं. त्याचं पोट खरंच दुखतं, ते ढोंग नाही.

एक काम लगेच करा. खेळाच्या शिक्षकांना एकट्यात भेटा, मुलाचं नाव पुढे न करता, आणि कप्तानांनी निवडायची पद्धत बंद करा एवढंच मागा. शिक्षकांनी आधीच याद्या करून आणायच्या किंवा रंगीत पट्ट्या वाटायच्या. यात वेळही वाचतो, म्हणून बहुतेक शिक्षक ऐकतात. आणि सायकल सोडू नका. शाळेबाहेर, जिथे वर्गातलं कुणी नाही, तिथे एखाद्या गटात तो रमला तर शरीराला व्यायाम मिळतोच, शिवाय माझीही कुठेतरी किंमत आहे हे त्याला समजतं. एक चांगला मित्र पुरतो, दादा. मुलाला लोकप्रिय करायच्या मागे लागू नका.

निशिगंधा_आई

दादा, तुमच्या मुलाबद्दल वाचून डोळ्यात पाणी आलं. माझी मुलगी ग्रंथालयात बसायची तेव्हा तिचीही तीच अवस्था होती.

शाळासोबती ताई, तुमचं वाचून काल तिच्याशी बोलले. ई-सिगारेटचं विचारलं. म्हटलं, नावं सांगू नकोस, मला कुणाची तक्रार करायची नाही. तू स्वतःच्या डोळ्यांनी किती जणांना ओढताना पाहिलंस तेवढंच सांग. आधी म्हणाली, "अगं खूप." मग बोटं मोजायला लागली. एक मुलगा, नक्की. एक मुलगी, पण तिच्या हातात नुसती होती. बाकीच्यांचं "सगळे म्हणतात". ती स्वतःच थोडी गोंधळली. मी पुढे काही बोलले नाही. हे बरोबर केलं का?

शाळासोबती

अगदी बरोबर केलंत. या सगळ्या विषयाची मेख तिथेच आहे, असं मी मानते.

२०१४ साली हेल्म्स, प्रिन्स्टिन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. किशोरवयीन मुलांना विचारलं, लोकप्रिय मुलं किती नशा करतात, किती अभ्यास करतात, किती व्यायाम करतात असं तुम्हाला वाटतं? आणि त्या लोकप्रिय मुलांनी स्वतः काय सांगितलं तेही नोंदवलं. बाकीच्यांचे अंदाज वास्तवापासून कितीतरी लांब होते. बऱ्याच बाबतीत लोकप्रिय मुलं आणि इतर मुलं यांच्या खऱ्या वागण्यात फरकच नव्हता. पण ज्या मुलांना नववीत असताना वाटत होतं की लोकप्रिय मुलं खूप नशा करतात, त्यांची स्वतःची नशा पुढच्या वर्षांत जास्त वेगानं वाढली. म्हणजे मुलं नक्कल करतात ती भारी मुलांच्या खऱ्या वागण्याची नाही, त्यांच्याबद्दल पसरलेल्या गोष्टींची. "आमच्यात कुणीच सकाळी खात नाही" हेही त्यातलंच असण्याची दाट शक्यता आहे. पाचपैकी तीन जणी घरून गुपचूप खाऊन येत असतील.

आता लोकप्रियतेला दोष द्यावा का? मला तसं वाटत नाही. २००१ साली अमेरिकेतल्या अनेक शाळांच्या तुलनेत दिसलं होतं की ज्या शाळांत सिगारेट ओढणारी मुलं जास्त, तिथे लोकप्रिय मुलं जास्त ओढत होती. ज्या शाळांत ओढणारी कमी, तिथे लोकप्रिय मुलं कमी ओढत होती. वट असलेलं मूल हे वर्गाचा लाउडस्पीकर असतं, वर्गात जे मोलाचं मानतात तेच ते मोठ्यानं वाजवतं. जोसेफ ॲलन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तेरा-चौदा वर्षांच्या लोकप्रिय मुलांचा मागोवा घेतला, त्यातही दोन्ही बाजू दिसल्या. वर्षभरात या मुलांचं किरकोळ नशापाणी आणि नियम मोडणं इतरांपेक्षा वाढलं, कारण सोबत्यांना ते पटत होतं. आणि त्यांचं भांडखोर वागणं कमी झालं, कारण सोबत्यांना ते आवडत नव्हतं.

याचा उलटा उपयोगही झालाय. इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९ शाळांत बारा-तेरा वर्षांच्या दहा हजारांहून अधिक मुलांवर एक प्रयोग झाला, तो २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याचं नाव ‘असिस्ट’. मुलांनाच विचारलं, तुम्ही कुणाचं ऐकता, कुणाकडे आदरानं बघता? ज्यांची नावं सगळ्यात जास्त आली त्यांना शाळेबाहेर नेऊन दोन दिवस शिकवलं. त्यात सरळ मुलं होती तशी वात्रटही, शिक्षकांनी गाळणी लावली नाही. मग दहा आठवडे या मुलांनी सोबत्यांशी सिगारेटबद्दल साध्या गप्पा मारायच्या. जेवताना, बसमध्ये, येता-जाता. भाषण नाही, फलक नाही. पुढच्या दोन वर्षांत या शाळांतली मुलं नियमित ओढू लागण्याची शक्यता बाकीच्या शाळांपेक्षा साधारण पाचव्या हिश्शानं कमी राहिली. ज्या मुलांना शिक्षक ‘वाया गेलेली’ म्हणतात त्यांच्याकडे मी हा अभ्यास वाचल्यापासून वेगळ्या नजरेनं बघते. त्यांचं सगळे ऐकतात, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

तर ताई, तुमच्या मुलीला मिळालेली जागा तिच्या कामी येऊ शकते. तिच्याशिवाय काही ठरत नाही ना? मग रात्री दहानंतर काही ठरवायचं नाही, हेही तिनं मांडलं तर ठरू शकेल. पण ते एकटीनं मांडायचं ओझं तिच्यावर टाकू नका. आधी त्या चौघींच्या आयांशी तुम्ही बोला.

निशिगंधा_आई

दोघींना मी ओळखते, बाकीच्यांना नाही. काय म्हणून फोन करू? "तुमची मुलगी माझ्या मुलीला जागवते" असं वाटायला नको त्यांना.

शाळासोबती

आधी ओळखीच्या दोघींनाच करा. तक्रार नको, स्वतःचं सांगा. "माझी मुलगी रात्री झोपत नाही, तुमच्याकडे काय आहे?" असं विचारून बघा. दहातल्या नऊ वेळा पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू येतो, त्यांच्याकडेही तेच चाललेलं असतं. मग पाचही घरांत एकच वेळ ठरवा आणि त्याच रात्रीपासून लावा. फोन एकाच वेळी बंद झाले की कुणीच मागे राहत नाही. मुलीला आधी विश्वासात घ्या आणि हवं तर तिला तुमचं नाव पुढे करू द्या. "आमची आई फार कटकट करते" असं म्हणून तिची सुटका होत असेल तर खुशाल होऊ दे.

पळण्याचं उलट करा. तिथे वर्गातलं कुणी नको. वेगळी वेळ, वेगळा रस्ता, आणि शक्य असेल तर तुम्ही बरोबर.

खाण्याकडे मात्र बारीक लक्ष ठेवा. सकाळी न खाणं वर्गातल्या चालीपायी असेल तर झोप सुधारली की भूकही सुधारते. पण ती जेवणही टाळायला लागली, सगळ्यांबरोबर बसून खायला नको म्हणाली, सारखं वजनाबद्दल बोलू लागली, चक्कर येते म्हणाली, किंवा सुरू झालेली पाळी थांबली, तर मैत्रिणींमुळे असेल म्हणून सोडून देऊ नका. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि तिला डॉक्टरांशी थोडा वेळ एकटीला बोलू द्या.